सावरीच्या फाट्यावरचं कोरं पान

१

नानांच्या पुस्तकात कोरी पानं फार होती. दोन पानं वाचावीत, तिसरं उलटावं, तर पांढरंफटक. पुढं पुन्हा मजकूर, पुन्हा कोरं.

नीलिमाला त्याचं काही नवल वाटलं नाही. कऱ्हाडातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या आतल्या खोलीत ती कॉम्प्युटरवर मजकूर लावायचं काम करायची. लोक फ्लॉपीत काय काय घालून आणतात, ते तिच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. कुणी स्पेसबार बडवून बडवून शीर्षक मधोमध आणतं, कुणी पुढच्या पानावर जायला एंटरचा पाऊस पाडतं. त्या मानानं नाना बरे. पान तोडायची रीत त्यांना तिनंच तर शिकवली होती.

नानासो म्हणजे एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांच्या डोक्यानं घेतलं, आपण चालवलेल्या गाड्यांचं पुस्तक लिहायचं, आणि तेही स्वतः कॉम्प्युटरवर. घरातले हसले. नाना रोज दुपारी स्वच्छ धुतलेला सदरा घालून नीलिमाशेजारच्या मशीनवर बसू लागले. स्टिअरिंग धरून धरून जाड झालेली बोटं, एकेक अक्षर शोधायची. मधेच थांबून विचारायचे, "पोरी, हितं गाडी थांबली. आता पान थांबवायचं कसं?"

"कंट्रोल धरा आणि एंटर मारा, नाना."

नाना बटण दाबायचे. समोर पांढरं पान यायचं. त्याच्याकडं ते जरा वेळ नुसतेच बघत बसायचे, मग "चला" म्हणून पुन्हा तसंच कंट्रोल धरून एंटर मारायचे आणि पुढचं लिहायला लागायचे. म्हातारपणाची हौस, दुसरं काय, असं तिला वाटायचं.

गेल्या माघात नाना गेले. आता पुन्हा माघ आला होता, आणि त्यांचा मुलगा शंभूराज दारात उभा होता.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे. आल्यागेल्याला नानांचं पुस्तक द्यायचं म्हणतोय. सांगलीच्या प्रेसवाल्याकडं गेलो, तर त्यानं वेड्यात काढलं मला. म्हणाला, एवढी कोरी पानं कुणी छापतं व्हय? तेवढी उडवा बघा."

"उडवते की. त्यात काय!"

खरोखर त्यात काही नव्हतं. वर एक बटण असतं, इंग्रजी 'पी' अक्षर उलटं केल्यासारखी खूण असलेलं. ते दाबलं की एरवी न दिसणाऱ्या खुणा पडद्यावर उमटतात. पान जिथं तोडलंय तिथं ठिपक्यांची आडवी रेघ दिसते. त्या रेघेवर जायचं आणि डिलीट मारायचं. खालचा मजकूर सुर्रकन वर येऊन चिकटतो.

मजकूर वाचायचा मात्र नाही. हा तिच्या धंद्याचा पहिला धडा. वाचत बसलं की हात थांबतो. ऑपरेटरनं अक्षरं बघायची, ओळी बघायच्या, समास बघायचा. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यानं बघावं.

त्या दुपारी तिनं शेवटच्या प्रकरणातल्या पहिल्या काही रेघा काढल्या. उसाचा हंगाम होता, खिडकीतून कारखान्याच्या मळीचा गोडसर उग्र वास येत होता, आणि बाहेरच्या खोलीत पोरं टाइपरायटर बडवत होती. टकटक टकटक, ओळ संपली की टिंग, जरा उसंत, पुन्हा टकटक. चौथी का पाचवी रेघ काढल्यावर तिच्या लक्षात आलं, बराच वेळ टिंग ऐकूच आलं नव्हतं. नुसती टकटक चालली होती, कुणी दम न खाता. उठून बघावं असं तिला वाटलं. पण डोळे जड झाले होते, आणि गाडीची वेळही होत आली होती.

२

संध्याकाळची कऱ्हाड–सातारा साधी गाडी. नानांनी शेवटची वर्षं हीच चालवली होती. आता ड्रायव्हर नवा होता, कंडक्टर मात्र जुनाच, अर्जुना. डाव्या बाजूची खिडकी नीलिमाची. सगळ्या पासवाल्यांना ते ठाऊक होतं. ती जागा कुणी घेत नसे.

गाडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी थांबायची. तिथं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची आणि रंगूबाई भाजक्या शेंगांची पाटी घेऊन वर चढायची. आज गाडी थांबली नाही. नीलिमानं मान वळवून पाहिलं. रस्ता होता, दोन्ही बाजूंना ऊस होता. बैलगाड्या नव्हत्या, आणि काटाही कुठं दिसला नाही.

"अर्जुनामामा, आज शेंगा नाहीत?"

"कसल्या शेंगा?"

"रंगूबाईच्या. काट्यापाशी थांबलो नाही आपण."

अर्जुनानं तिकिटांचा ट्रे काखेत नीट केला. "काट्यापाशी कवा थांबती गाडी? झोपलीस काय गं, नीलिमाबाई?"

शेजारची बाई खुदकन हसली. नीलिमापण हसली. झोपली असेलच की. दिवसभर त्या पडद्याकडं बघून डोळ्यांची पार वाट लागते.

पुढं सावरीचा फाटा आला, आणि तिथं मात्र गाडी नेहमीसारखी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. बाभळीखाली आई उभी होती, चंद्राबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून. हातात डबा.

हे दोघींचं रोजचं होतं. वडील, सोपान, गेल्यापासून आई गावात एकटी राहायची, आणि नीलिमा साताऱ्यात भावाकडं, कपिलकडं. आई काही केल्या साताऱ्याला येईना. म्हशीला कुणी बघायचं, घरावर कोण, सतरा कारणं. मग चहाच्या वेळेपुरतं हे भेटणं. आई भरला डबा खिडकीतून आत द्यायची, नीलिमा कालचा रिकामा बाहेर. दोन डबे, एक इकडं, एक तिकडं. बोलणं काय व्हायचं? काहीच नाही. पण ते झालं नाही तर नीलिमाला साताऱ्यात घास गिळायचा नाही.

"जेवलीस का गं दुपारी?"

"जेवले. तू?"

"माजं काय! आगं, म्हस दिली बघ. धोंडुबाईनं घेतली. लय सोन्यावानी ठिवंल ती." आईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसली. "शनवारी येती तुमच्याकडं. कायमची."

नीलिमा खिडकीतून अर्धी बाहेर आली. "खरंच? आई, फसवत नाहीस ना?"

"आता या वयात फसवू का तुला? पर एक हाय. तू असशील त्याच गाडीत बसणार. मला एकटीला त्ये जमायचं न्हाई. कुटं उतरायचं, कुटं चढायचं, माज्या ध्येनात ऱ्हात न्हाई."

"मी असणारच की. रोजच असते."

डबल बेल वाजली. आई नेहमीप्रमाणं गाडीबरोबर चार पावलं चालली. नीलिमाला इतका आनंद झाला होता, की साताऱ्यापर्यंत ती डबा मांडीवर घेऊन नुसती हसत होती.

३

शुक्रवारी तिनं उरलेल्या सगळ्या रेघा काढल्या. हात सरावला होता. रेघ, डिलीट, रेघ, डिलीट. मजकूर वर सरकत होता, पानामागून पानं भरत होती. शेवटी सेव्ह केलं, त्याच फ्लॉपीवर घातलं, जुनं पुसून. एकाच नावाची दोन कामं ठेवायची नाहीत, नाहीतर प्रेसला चुकीचं जातं. धंद्याचा हाही एक धडा.

संध्याकाळी गाडीत चढताना ती मनातल्या मनात उद्याची तयारी करत होती. आईला खिडकीशी बसवायचं. कपिलला स्टँडवर बोलवायचं. उंब्रज गेलं. ऊस दाट होत गेला. उतरत्या उन्हात तुरे रुपेरी दिसत होते. तिनं रिकामा डबा पिशवीतून काढून मांडीवर घेतला.

आणि सातारा आला.

म्हणजे झोप लागली म्हणावी, तर तिला सगळं आठवत होतं. ऊस, मग ऊस, मग अजिंक्यतारा. मधे कुठं धक्का नाही, ब्रेक नाही, चहाचा वास नाही. तिनं खाली उतरून अर्जुनाची बाही धरली.

"मामा, फाट्यावर गाडी का नाही थांबवली? आई उभी असेल तिथं!"

"कंच्या फाट्यावर?"

"सावरीच्या!"

अर्जुना तिच्याकडं बघत राहिला. चेष्टा नव्हती त्याच्या तोंडावर. तेच वाईट होतं. "बाई, या रस्त्याला मी जलम घातला. सावरीचा फाटा मी ऐकला न्हाई कवा. बरं न्हाई काय तुला? पानी पितीस का?"

ती घरी आली ती धावतच. कपिल आयटीआयमधून येऊन पेपर वाचत पडला होता.

"कपिल, ऊठ. गाडी काढ. आई फाट्यावर वाट बघत असेल, काहीतरी घोटाळा झालाय."

"आई?" तो उठून बसला. हसला. "बरी असेल गं ती. रविवारी जाऊन येऊ की."

"आत्ता जाऊ."

"जाऊ," तो म्हणाला, आणि त्यानं एका पायात चप्पल घातली. दुसरी तशीच हातात राहिली. कपाळाला आठी पडली. लहानपणी पाढा अडला की पडायची तशी. "कुठून वळायचं गं? हायवेवरून डावीकडं ना? काय आहे तिथं खूण?"

नीलिमानं तोंड उघडलं. बाभूळ, चहाची टपरी, असं सांगायला गेली. पण कुठल्या गावानंतर? उंब्रजच्या पुढं ऊस, मग... तिला पुढचं काही आठवेना.

ती स्वयंपाकघरात गेली. मांडीवरून पिशवीत टाकलेला डबा काढून फळीवर ठेवला. तिथं दुसरा डबा होता. धुतलेला, कोरडा, पालथा. तो आईकडं असायला हवा होता. नीलिमा बराच वेळ त्या दोन डब्यांकडं बघत उभी राहिली. मागून कपिल विचारत होता, जेवायला काय आहे?

तेव्हा कुठं तिनं जुळवून पाहिलं. काटा, रंगूबाई, फाटा. पहिल्या दिवशी पहिल्या रेघा, दुसऱ्या दिवशी पुढच्या. छे! असं कुठं असतं का? तिच्या वडिलांनी घरात कधी गंडादोरा येऊ दिला नव्हता. कार्यकारण दाखव, म्हणायचे, मग बोल. तिनं कार्यकारण शोधलं. डोळ्यांवरचा ताण, अर्जुनाचं वय, कपिलची थट्टा. सगळं पटत होतं. फक्त डबे पटत नव्हते.

४

शनिवारी सकाळच्या गाडीनं ती कऱ्हाडला गेली ती उभ्यानं, पुढच्या काचेतून रस्ता बघत. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून. रस्ता सलग होता. कुठंही फाटलेला नाही, वळलेला नाही. ऊस दोन्हीकडून रस्त्याला बिलगून उभा होता, जणू कुणी समास काढून टाकला होता.

कॉम्प्युटर चालू व्हायला त्या दिवशी भलता वेळ लागला. बाहेरच्या खोलीत टकटक चालली होती, अखंड. तिनं फाइल उघडली आणि शोधायला 'सावरी' हा शब्द घातला.

सापडला. आयुष्यात पहिल्यांदा नीलिमानं गिऱ्हाइकाचा मजकूर वाचला.

'सावरीच्या फाट्याला बाभळीखाली एक बाई डबा घेऊन हुबी असती. ऊन असू द्या, वारं असू द्या, ती असतीच.'

त्याखाली नवा परिच्छेद.

'तिची लेक डाव्या खिडकीत. गाडी हुबी ऱ्हायच्या आत पोरीचा हात भाईर. दोघींचं बोलणं सरंस्तवर मी कपात एक घोट ठिवतो. च्या निवतो, निवू द्या. मग उठतो.'

नीलिमाला रडू फुटलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, नानांना चहा सावकाश प्यायची सवय आहे.

इथंच कुठंतरी रेघ होती. पण कुठं? तिनं ती काढली होती तेव्हा ती अक्षरं बघत होती, वाचत नव्हती. 'असतीच'च्या पुढं? 'भाईर'च्या पुढं, अर्ध्यात? अगदी शेवटी, 'उठतो'नंतर? पडदा काहीच सांगत नव्हता. मजकूर असा सांधला गेला होता, की शिवण दिसत नव्हती. कोऱ्या पानांसकट काढलेली एकच जुनी प्रत शंभूराजनं नमुन्याला म्हणून सांगलीत प्रेसवाल्याकडं देऊन ठेवली होती.

"मॅडम, झालं का?" शंभूराज दारात. खाली त्याची स्कूटर चालूच होती, तिची धडधड जिन्यातून वर येत होती. "दुपारी छपाईच्या प्लेटी करायच्यात म्हणतोय. आज चुकलं तर काही खरं नाही."

"शंभूराज, एक कोरं पान राहू द्या. एकच. माझं ऐका."

"का?"

काय सांगणार? "नानांची इच्छा होती," ती म्हणाली.

त्यानं घड्याळ बघितलं. "एकाला काय बोलणार प्रेसवाला. घाला. पण लवकर, लाइट जायची वेळ झाली."

तिनं कर्सर मजकुरात नेला. 'भाईर'पाशी थांबवला. तिथं असेल, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. तिथंच तर सगळं असायचं, हात बाहेर काढल्यानंतर. पण परिच्छेद मधेच फोडायचा? दोन ओळी इकडं, दोन ओळी तिकडं? आठ वर्षांत तिनं असं घाणेरडं काम कधी केलं नव्हतं. नवं पान नव्या परिच्छेदानं सुरू करायचं, हे तिच्या बोटांत भिनलं होतं. बोटं आपसूक वर गेली. दोन परिच्छेदांच्या मधे. आई वर राहिली, लेक खाली. कंट्रोल धरला आणि एंटर मारलं. ठिपक्यांची रेघ उमटली. पान कोरं राहावं म्हणून नानांसारखंच पुन्हा एकदा.

बाहेरच्या खोलीत टिंग वाजलं. उसंत. पुन्हा टकटक. नीलिमानं डोळे मिटून श्वास सोडला.

फ्लॉपी शंभूराजच्या खिशात गेली, स्कूटर गेली, मग लाइट गेली.

५

संध्याकाळी गाडीत तिनं आपली खिडकी धरली. रिकामा डबा पिशवीत एकच होता. दुसरा अजून फळीवर होता की नाही, हे सकाळी हाताला लागला तो डबा उचलताना तिनं बघितलंच नव्हतं. धीर झाला नव्हता.

उंब्रज गेलं. ऊस आला. ऊस, ऊस. आणि गाडीचा वेग कमी झाला.

गाडी थांबली.

बाभूळ. टपरी. रॉकेलच्या स्टोचा आवाज. ड्रायव्हर उतरला. बाभळीखाली आई उभी होती. नवं लुगडं, पायाशी गाठोडं, हातात डबा. नीलिमाचा जीव भांड्यात पडला. तिनं हात बाहेर काढला.

"आई! अगं आई, ये लवकर! समोरच्या दारानं चढ!"

आईनं डोळ्यांवर हात धरून गाडीकडं पाहिलं. तिची नजर खिडक्यांवरून फिरू लागली, पुढून मागं. नीलिमावर आली. आणि पुढच्या खिडकीवर गेली.

"आई, मी! इकडं!"

आई गाडीच्या कडेनं चालत आली. एकेका खिडकीच्या गजाला बोट लावत. नीलिमाच्या गजालाही तिनं बोट लावलं. नीलिमानं ते धरायला हात पुढं केला. हात जात राहिला. बोट तिथं होतं, दिसत होतं, नखातली माती दिसत होती, आणि मधे कोऱ्या पानासारखं काहीतरी पांढरं होतं. धुकं म्हणावं, तर त्याला गारवा नव्हता. आई पुढच्या खिडकीकडं सरकली.

नीलिमा सीटवरून उठली, लोकांच्या पायांवरून दाराकडं धावली, पायरीवरून खाली उतरली. आणि आपल्या सीटवर बसलेली होती. हात खिडकीबाहेर. ती पुन्हा उठली. पुन्हा उतरली. पुन्हा बसलेली होती. शेजारची बाई डुलक्या घेत होती.

बाहेर अर्जुना आईशी बोलत होता. शब्द लांबून आल्यासारखे येत होते.

"काय मावशी, बसायचं न्हवं आज?"

"बसायचं की. माजी लेक हाय का बघा जरा आत."

अर्जुना पायरीवर चढला. त्यानं आत नजर टाकली. नीलिमाच्या जागेवर ती जरा थांबली. नीलिमा जिवाच्या आकांतानं ओरडली. "मामा! आहे म्हणून सांगा! मी आहे!"

"डावी खिडकी मोकळीच हाय, मावशी," अर्जुना म्हणाला. "आली न्हाई ती आज. तुमी बसा की. उतरवतो मी साताऱ्यात."

आईनं गाठोडं उचललं होतं. ते तसंच हातात धरून तिनं जरा विचार केला. नीलिमा गज दोन्ही हातांनी हलवत होती. बस, आई. बस त्याच्यासंगं. कपिल उभा आहे स्टँडवर. एकदा तरी माझं ऐक.

"न्हाई," आई म्हणाली. "ती असंल त्याच गाडीत बसणार. तसं बोलणं झालंय आमचं."

"आवं, आता ही शेवटचीच गाडी."

"आसंना. यील ती. तिनं शब्द दिलाय."

ड्रायव्हरनं कप एका घोटात रिकामा केला. अर्जुनानं डबल बेल दिली. या वेळी आई गाडीबरोबर चालत आली नाही. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पुसून डबा त्यावर ठेवला, आणि कऱ्हाडच्या दिशेनं तोंड करून ती बाभळीखाली बसली.